जपानच्या मळ्यावर जाण्याआधीचे कागद

जपानमध्ये शेतकामाला जायचंय म्हटलं की पिंपळगाव-दिंडोरीकडे पहिला प्रश्न येतो तो ‘एजंट कोण?’ हा. आम्हीही तिथूनच सुरुवात केली. परीक्षा, मुलाखत, करार, व्हिसा असं सगळं पार पडलं तेव्हा कळलं की प्रश्नच चुकला होता. या व्हिसाचे बहुतेक नियम मजुरासाठी लिहिलेले नाहीत, ते तिकडच्या शेतमालकासाठी लिहिलेले आहेत. त्याने पगार किती द्यायचा, खोली केवढी द्यायची, कोणकोणते पैसे मजुराकडून घ्यायचे नाहीत, हे सगळं त्यात आहे. मालकाला घातलेली एकेक अट हा आपला एकेक हक्क असतो. ती वाचलेलीच नसेल तर मागणार काय? म्हणून ज्या क्रमाने आम्ही गेलो त्याच क्रमाने, पण मालकाच्या बाजूचे नियम शेजारी ठेवून, हे लिहीत आहोत.

व्हिसाचं नाव ‘तोकुतेइ गिनो’, म्हणजे विशिष्ट कौशल्य. जपानने डिसेंबर २०१८ मध्ये कायदा बदलला आणि १ एप्रिल २०१९ पासून ही वाट उघडली. शेती पहिल्या दिवसापासून तिच्यात आहे. भारताबरोबरचा सहकार्य करार १८ जानेवारी २०२१ रोजी झाला. २०२४ पासूनच्या पाच वर्षांसाठी एकट्या शेतीत ७८,००० परदेशी कामगारांची मर्यादा जपान सरकारने २०२४ मध्ये ठरवली होती. पहिल्या पायरीच्या व्हिसावर एकूण पाच वर्षं काम करता येतं, कुटुंब मात्र नेता येत नाही. वय १८ पूर्ण हवं. शिक्षणाची अट नाही आणि सातबाराही लागत नाही. एक भाषेची परीक्षा आणि एक शेतीची, या दोन्ही पास झाल्या की अर्ज करण्यापुरती पात्रता येते.

‘ट्रेनी’ म्हणून नेणारी जुनी योजना वेगळी आहे. तिच्यात माणूस एका मालकाशी बांधलेला असतो. तिच्या जागी १ एप्रिल २०२७ पासून नवी योजना येते आहे. कोणी नुसतं ‘जपानचा व्हिसा’ म्हणालं तर आधी विचारायचं, कोणता?

पासपोर्टपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया जातो. नाशिकमध्ये पासपोर्ट सेवा केंद्र आहे, काढायला अडचण नाही. अडचण नावाची आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव आहे तर कुठे नाही, ‘राव’ एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर गळलेलं. इकडे असं चालून जातं. जपानी फाइलमध्ये पासपोर्टवरचं नाव हेच एकमेव नाव. भाषेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र, शेतीच्या परीक्षेचं प्रमाणपत्र, करार, व्हिसाचा अर्ज, सगळीकडे तेच, त्याच स्पेलिंगने आणि त्याच क्रमाने. परीक्षेची नोंदणी घाईत आधारप्रमाणे केली आणि पासपोर्ट नंतर वेगळ्या नावाने हातात आला, तर केंद्रावरच्या ओळखपत्र तपासणीत अडकाल किंवा पुढे प्रमाणपत्र दुरुस्त करत बसाल. पासपोर्ट हातात आल्याशिवाय कुठेही नाव नोंदवू नका, एवढं पाळलं तरी दोन महिने वाचतात.

आता एजंट. भारतीयाला या व्हिसावर जायला मधे एजंट असलाच पाहिजे असा नियम नाही. जपानी मालक थेट घेऊ शकतो. तरी बहुतेकांना मधल्या माणसाची गरज पडते, कारण मालक शोधून देणारं दुसरं कोणी नसतं. त्या माणसाला १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. नोंदणी आहे की नाही हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतं. आणि त्याला घेता येणारी सेवा फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये, वर जीएसटी. भाषेच्या वर्गाची फी, परीक्षेची फी, विमानाचं तिकीट हे वेगळं असू शकतं, पण मग त्याची वेगवेगळी पावती हवी. ‘सगळं मिळून पॅकेज’ असं सांगून लाखांत आकडा सांगितला तर त्यातलं किती कशाचं, ते लिहून मागा. हे मागण्यात गैर काही नाही, कारण जपानी बाजूच्या अर्जात एक कागद नेमका हाच प्रश्न विचारतो: या माणसाने आपल्या देशात कोणाला, कशासाठी, किती पैसे दिले? तो कागद तुमच्या सहीने जातो. त्यात खोटा आकडा लिहायला लावणारा एजंट तुम्हालाच खोटं निवेदन करायला लावत असतो.

अनामत आणि दंडाचा करार हे तर सरळ बंद आहे. ‘मधेच सोडून आलास तर इतके लाख भरशील’ असं लिहून घेतलेलं असेल, किंवा घरच्यांकडून कोरा चेक ठेवून घेतला असेल, तर त्या परिस्थितीत हा व्हिसा मिळूच शकत नाही असा जपानचा नियम आहे. द्राक्षाच्या टोळ्यांमध्ये उचल देण्याची रीत आपल्याला इतकी अंगवळणी पडलेली आहे की अशा कागदावर सही करताना कोणाला वावगं वाटत नाही. इथे वाटलं पाहिजे.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ‘एमिग्रेशन चेक आवश्यक’ (ईसीआर) असा शिक्का असतो. ज्या १८ देशांसाठी ही परवानगी लागते त्यांत जपान नाही. त्या शिक्क्याची भीती घालून कोणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका.

भाषेच्या दोन वाटा आहेत. एक जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी. ही परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, आपल्याला जवळची केंद्रं पुणे आणि मुंबई. एकूण १८० पैकी ९० गुण लागतात, शिवाय ऐकण्याच्या भागात ६० पैकी किमान १९. निकालाला जवळपास दोन महिने लागतात. दुसरी वाट जेएफटी-बेसिक. ही संगणकावर होते, ६० मिनिटं, ५० च्या आसपास प्रश्न, २५० पैकी २०० ला पास, आणि निकाल त्याच दिवशी पडद्यावर दिसतो. घाई असेल तर दुसरी सोयीची. सकाळचं सत्र मिळालं तर पंचवटी एक्स्प्रेसच्या भरवशावर राहू नये, आदल्या रात्रीच मुक्कामाला जावं. उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत आणि फीही परत मिळत नाही.

तयारीत बहुतेकांचं एकच चुकतं. हिरागाना-काताकाना लिहून लिहून वह्या भरतात आणि कान कोराच राहतो. दोन्ही लिप्या मिळून शंभराच्या आत अक्षरं आहेत, ती दोन-तीन आठवड्यांत येतात. जपानी वाक्यरचना मराठी माणसाला परकी वाटत नाही, कारण क्रियापद शेवटी येतं आणि आपल्या ‘ने, ला, त, हून’ सारखे प्रत्यय त्यांच्याकडेही शब्दामागे लागतात. ऐकण्याचा भाग मात्र रोज तासभर कानावर घातल्याशिवाय जमत नाही. रोज तीन-चार तास दिले तर सहा ते आठ महिन्यांत ही पातळी गाठता येते. द्राक्षाचा हंगाम सांभाळून शिकायचं तर गोडी छाटणीपासून माल निघेपर्यंतचे महिने हिशेबातून वगळा. सप्टेंबर ते मार्च बागेत असणाऱ्याने वर्ग एप्रिलच्या खरड छाटणीनंतर धरावा.

शेतीची परीक्षा जपानच्या राष्ट्रीय कृषी मंडळामार्फत होते. तिचे दोन प्रकार आहेत, पीकशेती आणि पशुपालन. पीकशेतीची निवडली की पुढे पशुपालनाचं काम करता येत नाही, तेव्हा नोंदणीच्या वेळी नीट ठरवा. वेळ ६० मिनिटं, प्रश्न सुमारे ७०. अभ्यासाचं पुस्तक मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट आहे, त्याच्या झेरॉक्स विकत घेऊ नका. द्राक्षातल्या पोरांना वाटतं, शेती तर आपल्याला येतेच. येते, पण परीक्षा सगळ्या पिकांची असते: भात, भाजीपाला, हरितगृह, फळझाडं, मातीचा सामू, खतांतली अन्नद्रव्यं, कीड-रोगांची चित्रं, अवजारं आणि सुरक्षितता. आमच्यातले गुण गेले ते भातात आणि हरितगृहात. शिवाय मुकादम कामाबद्दल जपानीत काय सांगतो आहे हे ऐकून ओळखायचे प्रश्न असतात, त्यासाठी शेतीचे शब्द वेगळे पाठ करावे लागतात. ‘सेन्तेइ’ म्हणजे छाटणी, ‘तेकिऱ्यू’ म्हणजे मण्यांची विरळणी, ‘फुसा’ म्हणजे घड, ‘नोयाकु’ म्हणजे औषध. एन-४ च्या पुस्तकांत हे शब्द सापडत नाहीत.

दोन्ही परीक्षा झाल्या की मुलाखत, आणि मुलाखतीनंतर हातात येतो तो या सगळ्या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा कागद, ‘कोयो जोकेनशो’, म्हणजे नोकरीच्या अटींचं पत्रक. जपानीबरोबर तुम्हाला समजेल अशा भाषेतलाही मजकूर त्यात असावा लागतो. सही करण्याआधी एक दिवस मागून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा.

आधी बघायचं काम कोणतं लिहिलं आहे ते. पीकशेतीच्या व्हिसावर प्रत्यक्ष लागवड-संगोपनाचं काम असलंच पाहिजे. नुसतं पॅकहाऊसमध्ये बसून माल निवडायचा, प्रतवारी करायची, पेट्या भरायच्या, असं वर्षभर चालत नाही. तिथले जपानी कामगार शेतीबरोबर जे इतर करतात, म्हणजे वाहतूक, विक्री, बर्फ हटवणं, ते जोडीला करता येतं. दिंडोरीच्या पॅकहाऊसमध्ये काम केलेल्यांना मुद्दाम सांगतो: पत्रकात फक्त ‘सेन्का’, म्हणजे निवड-प्रतवारी, एवढंच दिसलं तर विचारा.

मग नेमणूक कोणाकडे. इतर बहुतेक क्षेत्रांत थेट नोकरीच लागते, पण शेती आणि मासेमारी यांत मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेमार्फतही पाठवता येतं, कारण काम हंगामी आहे. उन्हाळ्यात नागानोच्या कावाकामीसारख्या उंचावरच्या गावात लेट्यूस काढायचं आणि थंडीत दक्षिणेकडे जायचं, असं होऊ शकतं. वाईट काही नाही, फक्त पगार देणारा कोण आणि काम सांगणारा कोण हे दोन्ही लिहिलेले हवेत, आणि मधल्या रिकाम्या आठवड्यांचं काय तेही. हा पूर्णवेळ नोकरीचा व्हिसा आहे. आठवड्याला किमान पाच दिवस, ३० तास आणि वर्षाला २१७ दिवस काम ही त्याची व्याख्या. ‘काम असेल तेव्हा बोलावू’ हे त्यात बसत नाही. मालकाच्या बाजूच्या कारणाने काम थांबलं तर सरासरी वेतनाच्या किमान ६० टक्के भरपाई द्यावी लागते.

पगार तेच काम करणाऱ्या जपानी माणसाइतका किंवा त्याहून जास्त हवा, आणि त्या प्रांताच्या किमान ताशी दराखाली तर कधीच नाही. २०२५ च्या बदलानंतर हा दर देशाच्या सरासरीने १,१२१ येन आहे, सर्वांत कमी असलेल्या प्रांतांत १,०२३ येन. पत्रकावर ताशी १,०६० लिहिलं आहे आणि महिन्याला १७० तास भरतात असं धरा, एकूण १,८०,२०० येन होतात. एजंट हाच आकडा रुपयांत करून सांगतो. मालक कंपनी असेल तर त्यातून पेन्शनचे ९.१५ टक्के आणि आरोग्य विम्याचे साधारण ५ टक्के कापले जातात, थोडा आयकर जातो, मग खोलीभाडं, वीज, गॅस. हातात सव्वा लाख येनच्या आसपास उरतात, त्यातूनच जेवण. घरी पाठवायचे पैसे या आकड्यातून मोजा, वरच्यातून नाही. दुसऱ्या वर्षी जूनपासून रहिवासी कर सुरू होतो, आदल्या वर्षीच्या करपात्र कमाईच्या १० टक्क्यांच्या आसपास. पहिल्या वर्षी तो नसतो, म्हणून दुसऱ्या वर्षी पगार कमी झाल्यासारखा वाटतो आणि पोरं मालकावर संशय घेतात. मालकाचा त्यात दोष नसतो.

मालक कंपनी नसून एकटा शेतकरी असेल तर हिशेब बदलतो. अशा ठिकाणी बहुधा राष्ट्रीय आरोग्य विमा आणि राष्ट्रीय पेन्शन तुम्ही स्वतः भरायचं असतं. २०२५-२६ साठी पेन्शनचा हप्ता महिना १७,५१० येन होता. पगारपत्रकात कपात कमी दिसते म्हणून पगार जास्त वाटतो, आणि मग पालिकेचं बिल घरी येतं. कामावरच्या अपघाताचं बघा: पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या खासगी शेतावर सरकारी अपघात विमा सक्तीचा नसतो, पण परदेशी कामगार ठेवायचा तर मालकाला तो, किंवा त्याच्या तोडीचा खासगी विमा, घ्यावाच लागतो. कोणता घेतला, ते विचारा.

आता शेतीतली खरी मेख. जपानच्या श्रममानक कायद्याचं ४१ वं कलम शेतीला कामाचे तास, मधली सुट्टी, साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाचा वाढीव दर यांतून वगळतं. कारखान्यात आठ तासांनंतर २५ टक्के जास्त मिळतात ते शेतात कायद्याने मिळत नाहीत, पत्रकात लिहिलेलं असेल तरच मिळतात. हे कोणी सांगत नाही. म्हणून ‘जादा काम’ या ओळीसमोर काय टक्केवारी आहे ते बघा, शून्य असेल तर मुलाखत घेणाऱ्याशी सहीआधीच बोला. बरेच मालक इतर उद्योगांसारखा दर देतात, कारण न दिल्यास माणसं टिकत नाहीत. रात्री १० ते पहाटे ५ या वेळेतल्या कामाला मात्र २५ टक्के वाढ शेतीतही कायद्याने आहेच. लेट्यूसची काढणी मध्यरात्रीनंतर सुरू होते, तिथे हा हिशेब मोठा होतो. सहा महिने झाले आणि हजेरी ८० टक्के असली की १० दिवस भरपगारी रजा मिळते, तीही शेतीला लागू आहे. घरी लग्नकार्य किंवा आजारपण निघालं तर तात्पुरतं भारतात येण्यासाठी रजा द्यावी, ही मालकावरची अट आहे.

करारासोबत ‘शिएन केइकाकुशो’ नावाचा दुसरा कागद असतो, मदतीचा आराखडा. मालकाने कामगाराला द्यायच्या दहा सक्तीच्या मदती त्यात असतात. त्या तो स्वतः देतो किंवा नोंदणीकृत संस्थेकडे सोपवतो, पण खर्च त्याचाच, तुमच्या पगारातून कापता येत नाही. निघण्याआधी कामाच्या अटी समजावून सांगणं हे त्यातलं पहिलं. प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर, तुम्हाला समजेल अशा भाषेत, साधारण तीन तास. दहा मिनिटांत ‘समजलं ना?’ म्हणून सही घेतली तर ती अट पाळली गेलेली नाही. नंतर विमानतळावर घ्यायला येणं, घर मिळवून देणं, राहणीमानाची किमान आठ तासांची माहिती, सरकारी कचेरीत सोबत येणं, जपानी शिकायची सोय, तक्रार ऐकून घेणं, दर तीन महिन्यांनी तुमच्याशी बोलणं, आणि मालकाच्या कारणाने काम सुटलं तर दुसरं शोधायला मदत. खोली माणशी किमान ७.५ चौरस मीटर, म्हणजे साधारण ८० चौरस फूट. मालकाच्या स्वतःच्या घराचं भाडं घेताना त्यावर नफा काढता येत नाही.

मालक स्वतः पात्र आहे का, हेही बघता येतं. गेल्या पाच वर्षांत किमान सहा महिने त्याने कामगार ठेवलेला असावा लागतो, आणि शेतीच्या विशिष्ट-कौशल्य परिषदेचं सभासदत्व त्याच्याकडे अर्जाआधीच लागतं. जून २०२४ पासून हे आधी लागतं, पूर्वी नंतर घेतलं तरी चालायचं. ‘मालक नवीन आहे, सभासदत्व नंतर घेईल’ असं ऐकलं तर फाइल तिथेच थांबणार हे समजा.

तब्येतीची तपासणी इथेच करायची, छातीच्या एक्स-रेसह, त्यांच्या नमुन्यातच. अहवाल तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही, तेव्हा करार हातात येण्याआधी तपासणी करून मोकळं होण्यात अर्थ नाही. मग मालक तिकडच्या इमिग्रेशन कचेरीत पात्रता प्रमाणपत्रासाठी अर्ज करतो. एक ते तीन महिने जातात. मार्च २०२३ पासून ते ईमेलवरही मिळतं. त्याची मुदत तीन महिने, तेवढ्यात जपानमध्ये पाऊल पडलं पाहिजे. व्हिसासाठी नाशिक मुंबईच्या जपानी वकिलातीच्या अखत्यारीत येतं. या टप्प्यावर बाकी काही अवघड नाही.

निघण्याआधी गाडी चालवण्याचा परवाना काढला नसेल तर काढा, आणि काढल्यानंतर किमान तीन महिने भारतात राहून मग जा. जपानी परवान्यात बदलून घेताना, परवाना मिळाल्यावर तीन महिने त्या देशात राहिल्याचा पुरावा मागतात. ऑक्टोबर २०२५ पासून ही बदलाची परीक्षाही कडक झाली आहे. खेड्यातल्या मळ्यावर छोटा ट्रक चालवता येणारा माणूस मालकाला लगेच हवासा होतो.

मोठ्या विमानतळावर उतरताच रहिवासी कार्ड मिळतं. ते कायम खिशात ठेवायचं. घर मिळाल्यापासून १४ दिवसांत पालिकेत पत्ता नोंदवायचा. पासपोर्ट आणि कार्ड तुमच्याच ताब्यात राहिलं पाहिजे, ‘सांभाळायला’ म्हणून कोणी ठेवून घेऊ शकत नाही.

कामाबद्दल थोडं, कारण द्राक्षवाल्यांना यामानाशी किंवा नागानोच्या बागा खुणावतात. ज्या जीए या वाढीच्या संजीवकात आपण घड बुडवतो ते जिबरेलिन मुळात जपानी शास्त्रज्ञांनी भाताच्या एका रोगातून शोधून काढलेलं. शाइन मस्कत या जपानी द्राक्षवाणाचा घड दोनदा बुडवतात, पूर्ण फुलोऱ्यात आणि पुन्हा १० ते १५ दिवसांनी, दोन्ही वेळा २५ पीपीएमला. विरळणी करून घडात ३५ ते ४० मणी ठेवतात आणि वर कागदी पिशवी चढवतात. हात दिवसभर डोक्याच्या वर, मांडवाखाली. आपल्याकडे टोळी एकराच्या उक्त्यावर पळते, तिथे ताशी पगार आणि प्रत्येक घड सारखा हवा. पहिल्या महिन्यात वेग दाखवायला जाणाऱ्याचे घड परत तपासले जातात. औषधाचं प्रमाण बाटलीवर ‘बाइ’मध्ये असतं: १००० बाइ म्हणजे १००० पट पातळ, १०० लिटर पाण्याला १०० मिली. २००० बाइ त्याच्या निम्मं. आकडा मोठा दिसला म्हणून औषध जास्त घालणं ही नव्या माणसाकडून सहज होणारी चूक. उन्हाचंही आहे. १ जून २०२५ पासून तापमान ३१ अंश किंवा जास्त असताना सलग तासभर किंवा त्याहून जास्त, किंवा दिवसात चार तासांपेक्षा जास्त काम असेल, तर उष्माघात झाल्यास कोणाला कळवायचं आणि काय करायचं ही व्यवस्था मालकाने आधीच ठरवून सांगायला हवी.

पटलं नाही तर मालक बदलता येतो, शेतीतच. पण पासपोर्टला जोडलेल्या ‘शितेइशो’ नावाच्या कागदावर सध्याच्या मालकाचं नाव असतं. नव्या मालकाच्या नावाने परवानगी मिळेपर्यंत त्याच्याकडे एक दिवसही काम करायचं नाही. जुनं आधी सोडून मग शोधायला लागलं की तीन महिन्यांवर व्हिसा रद्द होण्याचा धोका असतो.

परतताना दोन गोष्टी. बागेतली काडी बॅगेत घालू नका. शाइन मस्कतसारख्या नोंदणीकृत वाणांची रोपं-काड्या देशाबाहेर नेण्यावर एप्रिल २०२१ पासून बंदी आहे, आणि शिक्षा १० वर्षांपर्यंतची कैद किंवा १ कोटी येनपर्यंत दंड.

दुसरी पेन्शनची. सहा महिने किंवा जास्त हप्ते भरले असतील तर जपान सोडल्यापासून दोन वर्षांत एकरकमी परतावा मागता येतो. त्याआधी पालिकेत ‘तेन्शुत्सु तोदोके’, म्हणजे गाव सोडल्याची नोंद, करावी लागते. पत्ता जपानचाच राहिला तर अर्ज पुढे जात नाही. कंपनीमार्फतच्या पेन्शनवर २०.४२ टक्के कर कापून येतो, तो परत मिळवायला आणि उरलेला रहिवासी कर भरायला तिथे एक कर-प्रतिनिधी नेमून यावं, मदत करणारी संस्था किंवा तिथेच राहणारा ओळखीचा माणूस चालतो. दोन्ही देशांतली पेन्शनची वर्षं एकत्र मोजणारा भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. एकरकमी रक्कम घेतली की ती वर्षं त्या करारातल्या मोजणीतून जातात, तेव्हा पुन्हा जपानला जायचा विचार असेल तर आधी हिशेब मांडा. अर्जाबरोबर इथल्या बँकेच्या खात्याचा दाखला जोडायचा असतो, आणि त्यावरचं नाव पुन्हा पासपोर्टप्रमाणेच हवं. गावच्या शाखेतलं जुनं खातं आधारच्या नावाने असेल तर जायच्या आधीच दुरुस्त करून घ्या.